शिक्का मांसावर, सत्ता माणसांवर

२०१८ सालच्या जून महिन्यात इस्रायलमधील बार्कान या मोठ्या मद्यनिर्मिती कारखान्यातून एक बातमी बाहेर आली. द्राक्षरसाशी थेट संबंध येणाऱ्या कामावरून इथिओपियन वंशाच्या काही कामगारांना दूर करण्यात आले होते आणि त्यांना कारखान्यातच अन्यत्र कामे देण्यात आली होती. कामात कसूर झाल्याची तक्रार नव्हती, बेशिस्तीचा आरोप नव्हता. जेरुसलेममधील 'एदा हरेदित' या अतिकर्मठ पंथाच्या धर्मन्यायपीठाचा कोशर शिक्का कारखान्याला आपल्या बाटल्यांवर हवा होता. रूढ धर्मनियमानुसार ज्यू नसलेल्या माणसाच्या हाताचा स्पर्श झालेली, न उकळलेली द्राक्षाची वारुणी निषिद्ध ठरते. आणि इथिओपियातून आलेल्यांचे ज्यूपण या न्यायपीठाच्या लेखी संशयास्पद होते. वस्तुतः १९७५ सालीच इस्रायलच्या सरकारने या लोकांना ज्यू म्हणून मान्यता दिलेली आहे. त्यांची मुले त्या देशाच्या सैन्यात लढतात. परंतु पिंपाजवळ उभे राहण्याची वेळ आली की त्यांचा हात विटाळ ठरला.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करून घेणाऱ्यांच्या महाराष्ट्रात या बातमीचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इस्रायलचे तत्कालीन सेफार्दी मुख्य रब्बी यित्झाक योसेफ यांनीही या प्रकाराची वर्णद्वेष म्हणून संभावना केली, हे नमूद केले पाहिजे. मात्र निषेध करणारे मुख्य रब्बी ज्या संस्थेच्या शिखरावर बसले होते, त्या संस्थेनेच अन्नावरच्या धार्मिक शिक्क्याला राज्यसत्तेचे बळ कसे मिळवून दिले, याचा विचार त्या निषेधात नव्हता. तो समाजवाद्यांनी करावयास हवा. कारण, पुढे दिसेल त्याप्रमाणे, या पापाच्या धन्यांत समाजवादी म्हणवणाऱ्यांचाही वाटा आहे.

ज्यू परंपरेत धर्मन्यायपीठाला 'बेत दीन' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ न्यायाचे घर. सामान्यतः तीन दय्यान, म्हणजे न्यायाधीश, त्यात बसतात. विवाह, घटस्फोट, धर्मप्रवेश, व्यापारी तंटे हे त्यांचे विषय. आणि लंडनपासून जेरुसलेमपर्यंत अनेक ठिकाणी अन्नाच्या शुद्धाशुद्धतेचा दाखला देण्याचे कामही हीच न्यायपीठे करतात. डुक्कर व कवचधारी जलचर वर्ज्य, मासा खवले-पर असलेलाच, मांस आणि दूध एकत्र नाही, पशूची कत्तल प्रशिक्षित शोखेतनेच निर्दोष धारेच्या सुरीने करावयाची, हे कोशरचे ढोबळ नियम. ते पाळण्यासाठी शिक्क्याची गरज मुळात नव्हती. कोकणातील बेने इस्रायल समाजाचेच उदाहरण घ्यावे. अलिबाग-नवगावच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले हे लोक कित्येक शतके रब्बीवाचून राहिले. त्यांच्यातले तंटे त्यांचे काजी सोडवीत. बिनखवल्याचा मासा ते खात नसत. आणि मटणाच्या रश्शात दूधदुभते न घालता नारळाचे दूध घालण्याची त्यांच्या घरातील रीत कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय पिढ्यान् पिढ्या चालत आली. धर्म पाळला गेला. मक्तेदार मात्र कोणी नव्हता.

कारखानदारीने ही स्थिती पालटली. डबाबंद पदार्थात काय आहे हे गृहिणीला डोळ्यांनी कळेनासे झाले. १९३५ साली अटलांटाचे रब्बी टोबायस गेफेन यांनी कोका-कोलाच्या गुप्त घटकांची चौकशी केली तेव्हा त्यातील ग्लिसरीन प्राण्यांच्या चरबीपासून येत असल्याचे आढळले. कंपनीने ते वनस्पतिजन्य तेलापासून घेण्याचे मान्य केले आणि मगच त्यांनी पेय कोशर ठरविले. अशा तपासणीला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. भांडवलदार आपल्या डब्यात काय भरतो हे बाहेरच्या माणसाने आत शिरून पाहावे, ही मागणी तर ग्राहकांच्या चळवळीचीच आहे. आक्षेप आहे तो तपासणीचे रूपांतर सत्तेत आणि करात होण्याला.

हे रूपांतरही जुनेच आहे. झारशाही रशियात 'कोरोब्का' नावाचा कर कोशर मांसावर आणि कत्तलीवर बसविलेला होता. तो वसूल करण्याचा मक्ता धनिक ठेकेदारांना दिला जाई आणि त्याचा भार अर्थातच गरीब ज्यू कुटुंबाच्या शनिवारच्या ताटावर पडे. या जाचातून सुटून न्यूयॉर्कच्या वस्त्यांत आलेल्या कष्टकऱ्यांपुढे १८८८ साली तेच ताट पुन्हा मांडले गेले. विल्नाहून बोलावून आणलेले मुख्य रब्बी जेकब जोसेफ यांच्या कार्यालयाने प्रत्येक कोशर कोंबडीच्या पायाला शिशाचा शिक्का लावून एक सेंट आकारावयास प्रारंभ केला. लोकांनी लगेच ओळखले. कोरोब्का अटलांटिक ओलांडून आला, असे वस्तीवस्तीत म्हटले जाऊ लागले. आणि ती व्यवस्था मोडून पडली. त्या बिचाऱ्या विद्वान गृहस्थाचे हालच झाले, हेही खरे. पैसा गोळा करणारे वेगळे होते, शिव्या त्यांच्या वाट्याला आल्या.

पुढे १९०२ च्या मे महिन्यात घाऊक मांस व्यापाऱ्यांच्या संगनमताने कोशर गोमांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेला. तेव्हा लोअर ईस्ट साइडच्या ज्यू स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांत बहुतेक शिवणकामगारांच्या बायका, पदरी पोरे असलेल्या. त्यांनी खाटकांच्या दुकानांपुढे निदर्शने केली, विकत घेतलेले मांस रस्त्यावर फेकले, पोलिसांचे दंडुके खाल्ले, तुरुंग पाहिला. शब्बाथच्या दिवशी प्रार्थनामंदिरात शिरून तोराचे वाचन थांबवून त्यांनी पुरुषांकडे पाठिंबा मागितला. जूनमध्ये भाव १४ सेंटवर उतरला. यातील एकीनेही कोशर खाणे सोडले नव्हते. आपल्या धर्मावर कोणी नफा कमवू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. महागाईविरुद्ध लाटणे घेऊन बाहेर पडलेल्या मुंबईच्या स्त्रियांना या भगिनी परक्या वाटल्या नसत्या.

अमेरिकेत धर्मसत्तेला राज्यसत्तेची साथ मर्यादितच मिळाली. न्यूयॉर्क राज्याने १९१५ साली कोशर-फसवणुकीविरुद्ध केलेला कायदा कर्मठ पंथाची व्याख्या सरकारी व्याख्या म्हणून लादतो, या कारणास्तव संघीय न्यायालयाने २००० साली तो घटनाबाह्य ठरविला. इस्रायलमध्ये घडले ते याच्या अगदी उलट, आणि ते घडविणारा पक्ष होता मापाई: मजूर संघटनांचा, किबुत्झांचा, लाल झेंड्याचा पक्ष. १९५३ साली रंगूनला भरलेल्या आशियाई समाजवादी परिषदेत त्याचे प्रतिनिधी भारतीय समाजवाद्यांच्या शेजारी बसले होते, आणि किबुत्झच्या सामुदायिक शेतीचे कौतुक येथील समाजवादी वर्तुळातही पुष्कळ झाले. त्या कौतुकात पॅलेस्टिनी शेतकऱ्याची हिरावलेली जमीन जशी दृष्टीआड झाली, तशीच धर्मपीठांशी झालेली देवघेवही. १९४७ सालच्या जून महिन्यात बेन-गुरियन यांच्या सहीने 'अगुदात इस्रायल' या कर्मठ पक्षाला एक पत्र गेले. शनिवारची सुट्टी, सरकारी स्वयंपाकघरांत कोशर अन्न, विवाहाचा धार्मिक कायदा आणि धार्मिक शाळांची स्वायत्तता या चार बाबतींत त्यात आश्वासने होती. राष्ट्र जन्माला येण्यापूर्वीच स्वयंपाकघर आणि लग्नमंडप गहाण पडले! पुढे १९५३ च्या कायद्याने ज्यू नागरिकांचे विवाह व घटस्फोट धर्मन्यायपीठांच्या अनन्य अधिकारात गेले. प्रत्येक संयुक्त सरकारात धर्मपक्षांची दोन-चार मते हवी असत आणि प्रत्येक वेळी समाजवादी पंतप्रधान ही किंमत मोजीत. तत्त्वाशी अशी 'तात्पुरती' तडजोड केली की ती पाऊणशे वर्षे टिकते, हे त्या पक्षाच्या आज उरलेल्या अवशेषांकडे पाहून कळते.

बेने इस्रायलांना या देवघेवीचा चटका सर्वांआधी बसला. कोकणातून, मुंबईतून मोठ्या आशेने गेलेल्या या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या पूर्वजांचे घटस्फोट शास्त्रोक्त झाले होते की नाही, अशी शंका धर्मपीठाने काढली. १९६२ साली मुख्य रब्बीपीठाने फर्मान काढले: बेने इस्रायल वधूवरांची वंशावळ तपासून मगच विवाहाची नोंद करावी. ज्यांनी रब्बीवाचून शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना रब्बींच्या राज्यात आपल्या आजीचे ज्यूपण सिद्ध करावयाचे होते! १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे तेथील संसदेला, त्यांच्या समानतेचा ठराव करावा लागला आणि फर्मानातून त्यांचे नाव गाळले गेले. संशयास्पद ठरविण्याचा अधिकार मात्र पीठापाशीच राहिला. नाव गाळले, फास तसाच. इथिओपियन कामगारांच्या बाबतीत २०१८ साली दिसला तो याच फासाचा दुसरा वेढा होय.

अन्नाच्या क्षेत्रात ही सत्ता १९८३ च्या कायद्याने पूर्ण झाली. कायद्याचे नाव कोशर-फसवणूक प्रतिबंधक. त्याचा आशय असा की मुख्य रब्बीपीठ, त्याने अधिकार दिलेले वा स्थानिक रब्बी आणि लष्करी रब्बीपीठ यांच्याखेरीज कोणाच्याही दाखल्यावर उपाहारगृहाने स्वतःस लेखी 'कोशर' म्हणवू नये. एखाद्या दुकानदाराने सर्व नियम काटेकोर पाळले आणि तसे फलकावर लिहिले, तर तो गुन्हेगार. ज्या फसवणुकीला आळा घालावयाचा ती राहिली बाजूला आणि खरे बोलणेच अपराध झाले. त्यातली गंमत अशी की, बार्कानच्या बाटल्यांना ज्याचा शिक्का हवा होता ते एदा हरेदितचे न्यायपीठ इस्रायलचे राज्य मानीतच नाही. तरीही त्याचा शिक्का लावण्यापूर्वी व्यावसायिकाला सरकारी रब्बीपीठाचा दाखला घ्यावाच लागे. एकाच तव्यावर दोनदा दक्षिणा.

मक्तेदारी हाती आल्यावर तिचा वापर ताटापुरता राहील ही अपेक्षा भाबडी होती. हॉटेलात नाताळाचे झाड लावले, ख्रिस्ती नववर्षाची मेजवानी ठेवली, तर दाखला काढून घेऊ, अशा धमक्या वर्षानुवर्षे दिल्या गेल्या. समारंभात पोटनृत्य होते म्हणून जेरुसलेमच्या धर्मपरिषदेने सभागृहांचे कोशर दाखले अडविण्याचा पवित्रा घेतला. एका नर्तकीने दाद मागितली आणि १९९० साली उच्च न्यायपीठाने सांगितले की, दाखल्याचा विचार अन्नापुरताच करावा. नर्तकीचे पोट कोशर आहे की नाही हे ठरविणे रब्बीपीठाचे काम नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या देशात न्यायालयाला सांगावी लागली. अश्दोद येथील एका बेकरीच्या मालकिणीचा दाखला ती येशूला मसीहा मानते म्हणून गेला. तिला २००९ साली न्यायालयातून न्याय मिळाला. त्याच्याही कितीतरी आधी, १९६४ साली, मार्बेक कत्तलखान्याच्या प्रकरणात मुख्य रब्बीपीठही कायद्याच्या वर नाही हे न्यायालयाने बजावले होते. पण दाखला अडवून ठेवला की खानावळ महिनाभरात बसते. निकाल लागावयास वर्षे जातात. लहान दुकानदार न्यायालयाची पायरी चढतच नाही. तो झाड उतरवतो.

मांसाच्या आयातीचे प्रकरण तर राज्यघटनेपर्यंत गेले. गोठविलेल्या मांसाची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली तेव्हा कोशर नसलेले मांस आत येऊ नये असा आग्रह धर्मपक्षांनी धरला. व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत कायद्यामुळे अशी बंदी टिकेना, म्हणून १९९४ साली त्या मूलभूत कायद्यालाच ओलांडण्याची तरतूद करण्यात आली. नागरिकाच्या स्वातंत्र्याला घटनेतच जे भगदाड पाडले गेले ते मांसाच्या पेटीच्या आकाराचे होते. त्याच धर्तीवर न्यायालयांचे सर्वच निकाल बहुमताच्या जोरावर ओलांडता यावेत, ही मागणी पुढे २०२३ साली तेथील उजव्या सरकारने रेटली. भगदाड पाडणारे १९९४ सालचे सरकार रबिन यांचे, म्हणजे मजूर पक्षाचेच होते.

आणि आता त्या माणसाकडे पाहावे जो प्रत्यक्ष तपासणी करतो. त्याला मश्गियाख म्हणतात. पहाटे स्वयंपाकघर उघडताना हजर राहणे, पालेभाजीतील किडे पाहणे, अंडी फोडून त्यात रक्ताचा ठिपका आहे का ते बघणे, भट्टी स्वतः पेटविणे ही त्याची कामे. अनेक ठिकाणी त्याचा पगार देतो तो ज्याच्यावर त्याने देखरेख ठेवावयाची तोच हॉटेलमालक. अन्न निरीक्षकाचा पगार गिरणीमालकाने द्यावा, तसाच हा प्रकार. इस्रायलच्या राज्य नियंत्रकांनी २०१७ च्या अहवालात या व्यवस्थेवर आणि तपासनिसांच्या कामाच्या तासांच्या न पटणाऱ्या नोंदींवर कठोर टीका केली. टीकेचा सूर साहजिकच तपासनिसावर गेला. तो बहुधा अल्प वेतनावर, तासांच्या बोलीवर, दोन-तीन ठिकाणी धावणारा, मोठ्या कुटुंबाचा पोशिंदा असतो. शिक्क्याची प्रतिष्ठा पीठाकडे, ताबा मालकाकडे आणि चोरीचा आळ या दोहोंच्या मधे उभ्या असलेल्या मजुराकडे, अशी ही वाटणी आहे.

शिक्का कशाकडे पाहतो आणि कशाकडे पाहत नाही, याचा सर्वांत भयंकर दाखला अमेरिकेतील आयोवा राज्यात पोस्टव्हिल या लहानशा गावी मिळाला. तेथील अ‍ॅग्रिप्रोसेसर्स हा त्या देशातील सर्वांत मोठा कोशर कत्तलखाना होता. नामांकित धर्मसंस्थांचे शिक्के त्याच्या मांसावर होते. सुरीची धार रोज तपासली जाई. जनावराच्या फुफ्फुसावर व्रण आहे की नाही हे बोटांनी चाचपले जाई. १२ मे २००८ रोजी सरकारी छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. बहुसंख्य ग्वाटेमालाचे, कागदपत्रांवाचून आलेले गरीब. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. त्यांच्या हाती सुऱ्या दिल्या गेल्याचे आरोप पुढे आले. पकडलेल्यांना गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानात डांबून गटागटाने खटले चालविले गेले, सुमारे ३०० जणांना शिक्षा झाल्या आणि नंतर देशाबाहेर घालविण्यात आले. कारखान्याच्या व्यवस्थापकाला शिक्षा झाली ती बँकेच्या फसवणुकीबद्दल: २७ वर्षे. ती २०१७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कमी करून त्याला सोडून दिले. मजुरांची शिक्षा कोणी कमी केली नाही. बँकेची फसवणूक झाली तेव्हा कायदा जागा झाला. पोराच्या हातातील सुरी ना कायद्याला दिसली ना धर्मपीठाला. सुरीची धार मात्र निर्दोष होती!

येथे ज्यू समाजातूनच उठलेला आवाज नोंदविणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील काही रब्बींनी कामगाराचे वेतन, सुरक्षितता आणि रजा यांचीही तपासणी करणारा वेगळा शिक्का काढण्याचा प्रयत्न केला. जेरुसलेमच्या तरुणांनी 'बेमाअगलेई त्झेदेक' या संघटनेद्वारे उपाहारगृहांना एक 'सामाजिक दाखला' देणे सुरू केले: वाढप्याला कायदेशीर वेतन मिळते का आणि अपंग माणसाला दारातून आत येता येते का, एवढेच त्यात पाहावयाचे आणि दाखल्याचे पैसे घ्यावयाचे नाहीत. पहिला प्रयत्न रुजला नाही. उत्पादकांना तो नकोच होता. कर्मठ संस्थांनीही कामगार कायदा पाहणे हे सरकारचे काम, आमचे नव्हे, असे म्हणून हात झटकले. ज्यांना नाताळाचे झाड आणि पोटनृत्य आपल्या कक्षेतले वाटते त्यांनाच मजुराचे वेतन कक्षेबाहेरचे वाटावे, यातच सारे आले. मजुरी त्याच दिवशी द्यावी, सूर्य मावळू देऊ नये, ही आज्ञा त्यांच्याच तोरात आहे.

हे सारे मांडताना एका बाजूने सावध राहणे आवश्यक आहे. कोशरवर तुटून पडणारे सर्वच काही कामगारांचे कैवारी नसतात. हिटलरचे सरकार सत्तेवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते तोच २१ एप्रिल १९३३ रोजी त्याने बेशुद्ध न करता पशुहत्या करण्यास बंदी घातली; भूतदयेच्या नावाखाली ज्यूंच्या ताटावर तो पहिला घाव होता. अमेरिकेत वंशद्वेष्टे लोक 'कोशर-कर' अशी आवई उठवीत असतात की प्रत्येक डब्यामागे ज्यू समाज खंडणी घेतो. वास्तविक कारखान्याच्या प्रचंड उत्पादनावर हा खर्च विभागला की डब्यामागे तो नगण्य उरतो, आणि गिऱ्हाईक वाढते म्हणूनच कंपन्या तो करतात. भारतीय निर्यातदारही त्याच हिशेबाने कोशर दाखला घेतात. त्या आवईची भारतीय आवृत्ती हलालच्या नावाने फिरते आहे. उत्तर प्रदेश सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हलाल-प्रमाणित मालावर बंदी घातली, आणि मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या एका मंत्र्याने झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र पुढे केले. म्हणजे एकाच्या शिक्क्यावर बंदी आणि दुसऱ्याच्या शिक्क्याला मंत्र्याचा हात! मंत्र्याने खाटकाच्या धर्माची हमी द्यावी ही कल्पना ज्यांना राष्ट्रीय वाटते त्यांनी इस्रायलच्या रब्बीपीठाचा पाऊण शतकाचा हिशेब जरूर वाचावा. लहान खाटकाचे काय होते तेही त्यात लिहिलेले आहे.

श्रद्धावान ज्यूने कोशर खावे, त्यासाठी ज्या रब्बीवर त्याचा विश्वास आहे त्याचा दाखला पाहावा. त्याच्या या हक्काच्या आड समाजवादी कधीच येणार नाही, उलट १९३३ सारखा प्रसंग आला तर त्याच्या बाजूने उभा राहील. राज्याने करावयाचे ते एवढेच की डब्यावर लिहिलेले खरे आहे का ते पाहावे आणि डबा भरणाऱ्याला पुरेसे वेतन मिळते का ते पाहावे. इस्रायलमधील सामान्य माणसे याच दिशेने रेटा देत आहेत. जेरुसलेमच्या काही उपाहारगृहांनी रब्बीपीठाचा दाखला नाकारून स्वतंत्र देखरेख स्वीकारली, दंड सोसले आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाच्या विस्तारित पीठाकडून एवढे तरी मिळविले की 'कोशर' हा शब्द न वापरता आपल्या स्वयंपाकघरात काय पाळले जाते ते खरेखरे लिहिता येईल. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये धर्मसेवामंत्री मातान काहाना यांनी, स्वतः धर्मनिष्ठ असूनही, रब्बीपीठाची मक्तेदारी मोडून अन्य संस्थांना दाखले देऊ देणारी सुधारणा संसदेतून संमत करून घेतली. तिची मुख्य कलमे २०२३ च्या आरंभी अमलात यावयाची होती. त्याआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, धर्मपक्षांच्या आधारावर नवे सरकार आले, आणि ही सुधारणा उलटविणे ही त्या पक्षांनी आधाराच्या मोबदल्यात घातलेल्या अटींपैकी एक होती.